धुऱ्यापलीकडच्या वावरात काय चालले आहे, ते एकमेकांना विचारू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्षय्य तृतीया झाली, सालदारांचे नवे करार ठरले, वावरांत वखरणी सुरू आहे आणि कृषी सेवा केंद्रांत बियाण्याची चौकशी करणाऱ्यांची गर्दी वाढू लागली आहे. या दिवसांत बियाणे, खते आणि पीककर्ज यांबद्दलची पत्रे आपल्याकडे भरपूर येत असतील. मी मात्र अशा एका गोष्टीबद्दल लिहीत आहे, जिला एक रुपयाही लागत नाही आणि तरीही जी आमच्या गावांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती म्हणजे शेजारच्या कास्तकाराच्या वावरात जाऊन त्याचे पीक नीट पाहणे, त्याला मनातले विचारणे आणि आपले जे साधले वा बिघडले ते त्याला न लपवता सांगणे.

मध्यंतरी माझ्या वाचनात अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील सँडी स्प्रिंग या गावाची हकीकत आली. वॉशिंग्टनच्या उत्तरेला असलेली ही वस्ती मुख्यतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची होती. वर्षानुवर्षे तंबाखू घेतल्याने त्या भागातील जमिनींचा कस पार उतरला होता. १८४४ मध्ये तिथल्या काही शेतकऱ्यांनी एक मंडळ काढले. दर महिन्याला पाळीपाळीने एकेका सभासदाच्या घरी जमायचे, आधी सगळ्यांनी मिळून त्याच्या शेतात फेरी मारायची, गोठा, खताचा ढीग, अवजारे आणि उभे पीक पाहायचे आणि मग बसून चर्चा करायची, असा त्यांचा क्रम होता. चुना, हाडांची भुकटी, क्लोव्हरसारखे जमिनीला नत्र देणारे चाऱ्याचे पीक आणि पेरू देशाच्या किनाऱ्यावरील बेटांवरून जहाजाने येणारे ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, यांच्या बळावर त्यांनी त्या थकलेल्या जमिनी पुन्हा उभ्या केल्या. ग्वानो विकत घ्यावे लागे. ते कोणत्या जमिनीत किती टाकावे आणि कोणत्या पिकाला मानवते, याचा अंदाज शेजाऱ्याच्या शेतात फिरून येत असेल, तर निम्मा खर्च तिथेच वाचला असे मी समजतो.

तो काळ लक्षात घ्या. शेतीच्या रसायनशास्त्रावरचा जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांचा ग्रंथ १८४० चा, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतीचे प्रयोग १८४३ मध्ये सुरू झालेले आणि खुद्द अमेरिकेचे कृषी खाते १८६२ मध्ये निघालेले. म्हणजे सरकारी खाते जन्माला येण्याच्या अठरा वर्षे आधी हे लोक एकमेकांचे सल्लागार होऊन बसले होते. याच वस्तीतल्या लोकांनी १८४८ मध्ये आगीच्या नुकसानीसाठी परस्पर विमा कंपनी आणि १८६८ मध्ये बचतीची संस्था उभी केली. महिन्याला एकमेकांच्या घरी जाणाऱ्या माणसांना पैशाच्या व्यवहारातही एकमेकांचा भरवसा वाटला असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडेही हे एका परक्या जाणकाराने ओळखले होते. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडहून १८८९ मध्ये भारतीय शेतीची पाहणी करायला आले आणि देशभर फिरून त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. इथला चांगला शेतकरी ब्रिटनच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीस तोड आहे, काही बाबतींत तर सरस आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका भागात शेतकऱ्यांना ठाऊक असलेली चांगली पद्धत दुसऱ्या भागात कुणाच्या गावीही नसते आणि ती तिथवर पोहोचवणे हीच सुधारणेची एक मोठी वाट आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते प्रांताप्रांतांबद्दल बोलत होते. आमची अडचण याहून जवळची आहे. आमच्याकडे ज्ञान एक धुरासुद्धा, म्हणजे दोन वावरांमधला बांधसुद्धा, ओलांडत नाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांत मीही एक होतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून ३० किलोच्या चार पिशव्या आणल्या आणि पाऊस पाहून पेरल्या. आठव्या दिवशी वावरात गेलो तर तासात कुठे हातभर अंतरावर एक कोंब, कुठे तेही नाही. माती उकरून पाहिली तेव्हा दाणे फुगून, सालपट सुटून सडलेले निघाले. बियाण्याचे पैसे गेले, तिफणीची मजुरी गेली आणि दुबार पेरणीत पंधरा दिवस हातचे निघून गेले. त्याच वेळी माझ्यापासून दोन वावरे सोडून असलेल्या कास्तकाराचे शेत मात्र हिरवेगार भरून आले होते. ते मी रोज येता-जाता पाहत होतो. त्याला मी काय केले म्हणून विचारले ते थेट दिवाळीनंतर, तेही एका लग्नाच्या पंगतीत.

त्याने सांगितले ते असे. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ असते, म्हणून बियाण्यासाठीचे सोयाबीन काढताना त्याने मळणीयंत्राचे फेरे मुद्दाम कमी ठेवले होते. पोती उंचावरून आदळू दिली नाहीत आणि थप्पीवर थप्पी रचली नाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून, वर दुसरे ओले गोणपाट टाकून, त्याची गुंडाळी घरातच सावलीला ठेवली. रोज पाणी शिंपडले आणि सातव्या दिवशी उघडून कोंब मोजले. १०० पैकी ७० किंवा अधिक निघाले तर एकरी ३० किलो आणि त्याहून कमी निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे, असा त्याचा हिशेब होता. पेरताना बी दीड इंचापेक्षा खोल जाणार नाही, याकडे तिफणीमागे चालून तो स्वतः लक्ष देत होता. यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती आणि कृषी विभागही हेच सांगत असतो. त्याने मला सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. आणि मी विचारले नाही, कारण दुसऱ्याला विचारण्यात मला कमीपणा वाटला. हा दोष माझा आहे आणि तो मी येथे लिहून देत आहे.

कपाशीच्या बाबतीत तर एकट्याचे शहाणपण मुळात पुरतच नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड चांगले दिसते. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागल्या की जाणता माणूस सावध होतो, एकरातून २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहतो आणि दोनात जिवंत अळी सापडली तर फवारणीची वेळ आली असे समजतो. पण पतंगाला धुरा कळत नाही. मी डिसेंबरअखेर कपाशीची पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने ओलिताची सोय आहे म्हणून फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभी ठेवलेली कपाशी, राखली, तर त्याच्या पऱ्हाटीवर पोसलेली अळी पुढच्या हंगामात आम्हा दोघांच्याही बोंडांत येणार. ही गोष्ट त्याला त्याच्याच पऱ्हाटीतले बोंड फोडून, अळी तळहातावर ठेवून दाखवली तर भांडण होत नाही. गावच्या पारावर टोमणा मारून सांगितली तर होते.

कृषी विभागाच्या शेतीशाळा मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा उपयोगही मला झाला आहे. मात्र योजना संपली की शाळा थांबते, कारण ती गावाची झालेली नसते. मोबाईलवरच्या गटांचेही तसेच आहे. कुणीतरी पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो टाकतो आणि घटकाभरात सहा जण सहा औषधे सुचवतात. त्या झाडाच्या मुळाशी पाणी साचले आहे की काय, हे मात्र एकानेही पाहिलेले नसते. फोटोत पान दिसते, जमीन दिसत नाही.

सँडी स्प्रिंगच्या मंडळात मला एक मोठी उणीवही दिसते. ते जमीनमालक पुरुषांचे मंडळ होते आणि त्या वस्तीतल्या बायकांना १८५७ मध्ये आपली स्वतंत्र सभा काढावी लागली. आपण ही चूक करू नये. निंदण आणि वेचणी बायका करतात. कोणत्या तासात बोंड किडके निघाले, हे वावराच्या मालकाआधी वेचणाऱ्या बाईला कळते. आणि फवारणी करणाऱ्या मजुराला सोबत घेणे तर टाळताच येणार नाही. २०१७ च्या हंगामात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि शेतमजूर दगावले. कोणते मिश्रण फवारताना डोळे जळजळले, कधी गरगरले, हे आज एका वावरात कळले आणि त्याच संध्याकाळी पाच वावरांत पोहोचले, तर त्याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक गावात आठ-दहा घरांनी मिळून पंधरा दिवसांतून एकदा पाळीने एकेकाच्या वावरात जावे. भाषण नको, हारतुरे नकोत, कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी नको. घरच्या चहावर काम भागावे. आधी फेरी, मग बोलणे, आणि बोलताना वावराच्या मालकाने आपले काय बिघडले ते सर्वांत आधी सांगावे. एका साध्या वहीत तारीख, पाऊस, वाण, पेरणीचा दिवस, केलेला खर्च आणि दिसलेला परिणाम लिहून ठेवावा. शिकलेल्या मुलामुलींकडे ही वही सोपवली तर ती नीट राहील, असा माझा विश्वास आहे. अमुक जमिनीत अमुक वर्षी काय झाले, हे दहा वर्षांनी आम्हाला त्या वहीतून कळेल. आज ते फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे आणि त्यांच्याबरोबर निघून चालले आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. खरिपाचे चार महिने, आठवड्यातून एक दिवस, आपण आपल्या दैनिकात थोडी जागा राखून ठेवावी. तिथे एका गावच्या कास्तकारांनी आपला प्रश्न मांडावा, दुसऱ्या गावच्यांनी स्वतः करून पाहिलेले उत्तर द्यावे आणि त्या उत्तरात जमिनीचा प्रकार व पावसाचा उल्लेख असावाच, असा नियम ठेवावा. भारी काळ्या जमिनीतला उपाय बरड रानात जशाचा तसा लागू पडत नाही, हे आपले वाचक जाणतात.

आमच्या गावात पहिली फेरी रोहिणी निघण्याच्या आधीच्या रविवारी माझ्याच वावरात ठरली आहे. दोन वावरे सोडून असलेला तो शेजारी येणार आहे आणि त्याने प्रत्येकाला आपापल्या घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून आणायला सांगितले आहेत. गोणपाट मी भिजवून ठेवणार आहे.

आपला,
एक कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ