गादी वाढते, पण कशी?

ता. आर्वी, जि. वर्धा
१८ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कापसाच्या पहिल्या वेचणीपासून काकूंना धुऱ्यावरून उतरताना आधार द्यावा लागतो, हे वाचून मन खंतावले. गुडघ्यातील झिजलेली गादी, म्हणजेच कूर्चा, प्रयोगशाळेत वाढवून बसवता येईल का, असे तू विचारले आहेस. मी सुट्टीवर गावी आलो आहे आणि गेली चार वर्षे याच कामात असल्यामुळे सविस्तर लिहितो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची जखम स्वतःहून नीट भरत नाही. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी बाहेर वाढवून गुडघ्यातील खड्ड्यात सोडल्याचा वृत्तान्त स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा पेशी वाढतात, यात शंका नाही. वाढल्यावर त्या कूर्चेच्याच राहतात का, हा खरा प्रश्न आहे. सपाट प्लास्टिकच्या बशीत विरळ पसरलेल्या पेशी झपाट्याने दुणावतात, पण काही पिढ्यांतच आपला धर्म विसरतात आणि कूर्चेचे टाइप-२ कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) सोडून व्रणात असते तसे टाइप-१ कोलॅजन करू लागतात. त्याच पेशी ॲगारोज या समुद्री शेवाळापासून केलेल्या पदार्थाच्या जेलमध्ये दाटीने बसवल्या, की पुन्हा गोल होऊन कूर्चा घडवू लागतात. पऱ्हाटी दाट झाली तर बोंडे कमी धरतात. येथे मात्र दाटीच हवी.

या टप्प्यावर मी सीरम, म्हणजे पेशी वाढवायला घातलेला रक्तातला निवळ द्रव, बंद करून टीजीएफ-बीटा हा वाढ-घटक आणि क जीवनसत्त्व देतो, कारण क जीवनसत्त्वावाचून कोलॅजनचा तिपेडी दोर घट्ट वळला जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात चार मिलिमीटर जाडीचे तुकडे मी स्थिर पोषक द्रवात सहा आठवडे ठेवले होते. कापून, कूर्चा नीट धरली असेल तिथे लाल चढणाऱ्या सॅफ्रॅनिन-ओ या रंगाने रंगवले, तेव्हा कडा लालभडक आणि मधला भाग फिका निघाला. पाटाच्या तोंडाशी असलेली शेते पाणी ओढून घेतात आणि शेपटाकडचे शेत कोरडे राहते, तसे कडेच्या पेशींनी सारे अन्न संपवले होते. सहा आठवड्यांची मेहनत गेली, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी द्रव सतत वाहता ठेवतो.

परंतु सर्वांत अधिक मी दाबाला मानतो. एकसारखा दाबून ठेवलेला तुकडा मंदावतो, तर चालताना पडतो तसा, सेकंदाला एकदा हलकेच दाबून सोडलेला तुकडा बळकट होतो. ‘मीर’ अंतराळस्थानकावर चार महिने ठेवलेली कूर्चा पृथ्वीवर वाढवलेल्या तिच्या जोडीदारापेक्षा लहान, गोलसर आणि कमकुवत निघाली होती, ती पायांखालचे वजनच हरवल्यामुळे, असे मला वाटते.

काकूंबाबत तुला खोटी आशा दाखवणार नाही. हा उपचार मुख्यतः एखाद्या जागी पडलेल्या खड्ड्यासाठी आहे, वयाने सगळा सांधा झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. तरीही त्यांना बसवून ठेवू नकोस. सपाट वाटेवर रोज थोडे चालू दे आणि कापसाचे गाठोडे मात्र त्यांच्या डोक्यावर देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात मी तिकडे येतो, तेव्हा जुने एक्स-रे काढून ठेव. आपण त्यांना सेवाग्रामला दाखवू.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच