खापर ड्यूकवर फोडा, पण फेनिगचा हिशेबही मांडा

संपादक महोदय,

ब्राउन्श्वाइग-वोल्फेनब्युटेल या जर्मन संस्थानातल्या 1619 ते 1623 च्या नाणेगोंधळाचा विषय निघाला की ड्यूक फ्रीडरिश उलरिशच्या लोभावर सगळे खापर फुटते. लोभ होताच. पण त्याला वाट मिळाली ती चिल्लरीतून, आणि चिल्लरीचा टांकसाळीतला हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

1566 पासून पवित्र रोमन साम्राज्याच्या थालरचा, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्याचा, कस ठरलेला होता. कलोन मार्क हे टांकसाळीचे वजन, 233.856 ग्रॅमचे; तेवढ्या धातूतून आठ नाणी पाडायची. म्हणजे एक नाणे सुमारे 29.2 ग्रॅमचे, त्यात शुद्ध चांदी जवळजवळ 26 ग्रॅम. थालरचे 24 ग्रोशेन, ग्रोशेनचे 12 फेनिग. म्हणजे एका थालरची मोड 288 फेनिग. तेवढीच चांदी त्यांत वाटली तर फेनिगच्या वाट्याला 0.09 ग्रॅम येते. एवढ्या चांदीचे नाणे चिमटीतही धरवत नाही, म्हणून तांबे मिसळणे भाग होते. मजुरी मात्र घटत नाही. थालरला एक चकती नि एकदा ठसा. इथे 288 चकत्या कापायच्या, उजळायच्या आणि 288 वेळा ठसा मारायचा. हा खर्च चांदीतूनच निघे. त्यामुळे फेनिगात चांदी थोडी कमी असणे ही लबाडी नव्हे. मात्र अशी नाणी मोजकीच पाडली पाहिजेत, नाहीतर चांगली नाणी बाजारातून हटतात.

तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात हाच बांध फुटला. ड्यूकच्या मुलखात नव्या टांकसाळी निघत गेल्या. हिणकस चकत्या टार्टर (वाइनच्या पिंपात साचणारा आंबट क्षार) आणि मिठाच्या पाण्यात उकळल्या की वरचे तांबे विरघळून चांदीची पांढरी कांती येई. वापरात ती झिजली की आतला तांबडा रंग उघडा पडे. दुसरी पळवाट वजनाची. छोटी नाणी एकेक तोलत नसत, मार्कामागे किती नग एवढेच पाहत. साहजिकच काही जड, काही हलकी निघत. तराजू घेऊन बसलेले लोक जड तेवढी वेचून भट्टीत घालत आणि त्या चांदीत तांबे मिसळून आणखी नाणी पाडली जात. शेजारच्या राज्यांतली चांगली नाणीही याच वाटेने गेली.

सर्वाधिक झळ रोजंदारीवाल्यांना बसली. त्यांची मजुरी याच चिल्लरीत होती. थालर राखून ठेवणारे त्या मानाने सावरले. या काळावर लिहिताना ड्यूकच्या स्वभावाइतकीच जागा फेनिगच्या खर्चालाही द्यावी, ही विनंती.

– जुन्या नाण्यांचा एक अभ्यासक