परदेशी सेवेआधी रामकुंडावर

संपादक महोदय,

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाऊ पाहणारी नाशिकची मुलं-मुली हल्ली माझ्याकडे सल्ल्याला येतात. २०१५च्या भूकंपानंतर मी नेपाळमधल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात काम केलं. ढिगाऱ्यातून शाबूत दगड वेगळे काढून रचायचे, एवढंच काम. कुठला दगड पुन्हा भिंतीत बसेल, हे गावातल्या एक आजी नुसता हात फिरवून सांगत. अभियंता असून मी त्यांच्या हाताखाली राबलो. विचारल्याशिवाय मदतीला धावू नये, हे तिथे अंगी मुरलं.

म्हणून मुलांना मी आधी व्हिसाचं विचारतो. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही चालत नाही. पैसे घेऊन पंधरा दिवस अनाथाश्रमात नेणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. नेपाळ, कंबोडियात आईबाप हयात असलेली मुलंही अशा संस्थांत ठेवल्याचं उघड झालंय. हे ऐकून काही जण नाराज होतात, पण सांगायलाच हवं.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. महाविद्यालयांनी या तरुणांना आधी रामकुंडावर, हरवलेल्यांच्या मदत केंद्रात उभं करावं आणि परदेशी सेवा करून आलेल्या आम्हा मंडळींना त्यांच्या सोबतीला द्यावं. माझं नाव पहिलं लिहून घ्या.

– एक निवृत्त अभियंता, गंगापूर रोड, नाशिक