चाळीस लाइक्सच्या त्या पोस्टबद्दल

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, मला सोशल मीडियातच काम करायचंय," आणि मी गप्प राहिले. तू जरा वेळ वाट बघितलीस, मग "बरं, ठेवतो" म्हणालास. माझं गप्प राहणं तू नकार म्हणून घेतलंस, हे आवाजावरून कळलं. तो नकार नव्हता. मला नीट विचार करायचा होता आणि विचार करायला मला कागद लागतो. म्हणून हे पत्र.

गेल्या सुट्टीत तू कॉलेजच्या विज्ञान महोत्सवाचं अकाउंट सांभाळत होतास. एका रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले, तर तू अंधारात फोन घेऊन बसलेला. मी रागवायलाच आले होते. तेवढ्यात तू स्क्रीन माझ्याकडे वळवलीस. कुणीतरी मेसेजमध्ये विचारलं होतं, "मी व्हीलचेअर वापरते. मला प्रदर्शन बघता येईल का?"

"हो, नक्की या" असं लिहून तुला मोकळं होता आलं असतं. तू स्वयंसेवकांच्या ग्रुपवर विचारलंस, उतार कुठल्या दाराला आहे? कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी तू एका मित्राला तिथं पाठवलंस. त्यानं मागच्या दाराचा फोटो पाठवला, टेपनं दाराची रुंदी मोजून कळवली. उतार होता, पण त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लावून ठेवलेली. ती हलवून घेतलीस आणि मग उत्तर लिहायला बसलास. कुठल्या दारानं यायचं, तिथं कोण भेटेल, आणि लिफ्ट नसल्यामुळे वरच्या मजल्यावरचं दालन बघता येणार नाही. हे शेवटचं वाक्य तू दोनदा खोडलंस. तिसऱ्यांदा लिहिलंस आणि राहू दिलंस. मी शेजारी बसून सगळं बघत होते.

पुढे तीच माहिती पोस्ट म्हणून टाकलीस आणि वर पिन केलीस. फोटोला ऑल्ट टेक्स्टही लिहिलास. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन हे वर्णन वाचून दाखवतो, हे मला तेव्हा तुझ्याकडूनच कळलं. दोन दिवसांनी मात्र तोंड पाडून म्हणालास, "बघ ना, नाचाच्या रीलला सहा हजार व्ह्यूज, आणि ह्याला चाळीस लाइक्स."

तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. पण रविवारी तू करिअरचं म्हणालास आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ती पोस्टच आली.

मी बावीस वर्षं तक्रार विभागात काढली, हे तुला माहीत आहे. पण तिथं दिवसभर काय चालायचं, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. रोज सकाळी पत्रांचा गठ्ठा टेबलावर यायचा. उत्तरांचे नऊ छापील नमुने होते. पत्र वाचायचं, कोपऱ्यात नमुना क्रमांक टाकायचा, बाकीचं टंकलेखन विभाग बघायचा. काही महिन्यांत मला एक गोष्ट उमगली. खरी तक्रार पहिल्या ओळीत सहसा नसते. माणूस आधी रागावून घेतो, मग नियम आणि तारखा मांडतो, आणि अगदी सही करायच्या आधी, जाता जाता, एखाद्या वाक्यात मनातलं सांगून जातो. शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच ते सापडतं.

एकदा मी शेवटपर्यंत वाचलं नाही. मार्चअखेर होती, गठ्ठा मोठा होता. एका बाईंचं पत्र होतं, यादीतलं एक नाव कमी करा म्हणून. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि कोपऱ्यात 4 लिहिलं. चार नंबरचा नमुना म्हणजे, आपण आमची सेवा यापुढेही घेत राहाल अशी आशा आहे. उत्तर ज्याच्या नावानं खातं त्याच्या नावानं गेलं. पंधरा दिवसांनी तेच उत्तर पाकिटात घालून परत आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. फक्त वरच्या नावाखाली निळ्या शाईनं एक रेघ ओढलेली. मी फाइल काढून मूळ पत्र वाचलं. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, की यजमानांना जाऊन सहा महिने झाले, आणि तुमच्याकडून त्यांच्या नावाचं पाकीट आलं की तो दिवस फार जड जातो. मी त्यांना तसंच एक पाकीट पाठवलं होतं.

त्यांना मग मी हातानं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नव्हती.

तू ज्या कामात जायचं म्हणतोस त्यात हा प्रसंग रोज दाराशी उभा असणार आहे. तुमच्याकडे महिनाभराच्या पोस्ट कंटेंट कॅलेंडरमध्ये भरून शेड्युल करून ठेवतात, तू मला दाखवलं होतंस. सोय चांगली आहे. पण ज्या दिवशी एखादी मोठी दुर्घटना घडते, त्या दिवशी दहा दिवसांपूर्वी लिहिलेली हसरी पोस्ट आपोआप बाहेर पडते. कमेंटमध्ये कुणी कळवळून लिहितो आणि खाली ठरावीक साच्यातलं "तुमच्या प्रतिक्रियेबद्दल आभार" येऊन पडतं. तो माझा नमुना क्रमांक 4 आहे. फरक एवढाच, की माझी चूक एका घरात गेली. तुझ्या चुकीचा स्क्रीनशॉट मिनिटभरात निघेल आणि पोस्ट काढून टाकलीस तरी तो फिरत राहील.

आता करिअरचं. या क्षेत्रात दोन वेगळी कामं आहेत आणि तुझ्या बोलण्यात ती मिसळतात असं मला वाटतं. एक, आपलाच चेहरा, आपलंच चॅनेल. दुसरं, एखाद्या संस्थेचा किंवा कंपनीचा आवाज होणं. पहिल्याचं गणित मी कागदावर मांडून बघितलं. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर हवेत, आणि मोठ्या व्हिडिओंचा निकष धरला तर गेल्या 12 महिन्यांत 4000 तास बघितलं गेलेलं हवं. म्हणजे 2,40,000 मिनिटं. प्रत्येकानं सरासरी चार मिनिटं बघितलं तरी साठ हजार वेळा ते चॅनेल कुणीतरी उघडलं पाहिजे. आणि एवढं करून तू फक्त उंबरठा ओलांडलेला असशील. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले 55 टक्के बनवणाऱ्याला मिळतात. हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण महिन्याचा खर्च त्यावर टाकून आजच कॉलेज सोडायला मी हो म्हणणार नाही.

दुसरं काम लोकांना दिसत नाही, म्हणून त्याचं कुणाला अप्रूप नाही. त्या रात्री तू जे करत होतास ते हेच. तुझ्यात ती समज आहे, आणि हे मी आई म्हणून बोलत नाहीये, टेबलामागे बावीस वर्षं बसलेली बाई म्हणून बोलतेय.

हा धंदा किती नवा आहे बघ. फेसबुक 2004 सालचं. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 चा, म्हणजे तुझ्या जन्मवर्षाचाच. त्यांच्या संस्थापकांपैकी एक जण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेबद्दल बोलतो, 19 सेकंद, संपलं. इन्स्टाग्राम 2010 चं. तुला शिकवणारे लोकही हे काम करत करतच शिकलेत. म्हणून त्यांच्यापैकी कुणी "हाच अल्गोरिदमचा नियम", म्हणजे कुणाला कुठली पोस्ट दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा नियम, असं छातीठोक सांगितलं, तर ऐकून घे आणि स्वतः तपासून बघ. फेसबुकनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं, की आता पेजपेक्षा नातेवाईक आणि मित्रांच्या पोस्ट आधी दाखवणार. त्याच महिन्यात यूट्यूबनंही आपली अट वाढवून हे हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास केले, त्याआधी एकूण 10,000 व्ह्यूज पुरायचे. एका घोषणेत अनेकांची वर्षांची घडी विस्कटली. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. माझे कितीतरी जुने फोटो तिथं होते, मी वेळेत उतरवून घेतले नाहीत. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन 2013 ला सुरू झालं आणि चार वर्षांत गेलंसुद्धा. तू ज्या संस्थेचं काम करशील तिला आपल्या वाचकांची स्वतःची यादी ठेवायला लाव, ईमेलची असो वा आणखी कशाची. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सहा तासांच्या आसपास बंद होते, आठवतंय? ज्यांचं सगळं तिथंच होतं त्यांना त्या दिवशी आपल्या माणसांना साधा निरोपही देता आला नसेल.

आकड्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण चाळीस या आकड्यानं तू खट्टू झालास. 2016 मध्ये फेसबुकनं कबूल केलं, की दोन वर्षं ते जाहिरातदारांना व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ फुगवून सांगत होते. भागाकारातली चूक होती. समज, दहा जणांसमोर व्हिडिओ आला. सहा जणांनी एका सेकंदात वर सरकवला, चौघांनी वीस-वीस सेकंद बघितला. एकूण 86 सेकंद. दहानं भागलं तर 8.6. पण तीन सेकंदांपेक्षा कमी बघणारे भाजकातून गाळले, म्हणजे चारनंच भागलं, तर 21.5. व्हिडिओ तोच, माणसं तीच. त्यांच्याकडे या चुकीनं सरासरी 60 ते 80 टक्के वाढून दिसत होती, असं सांगितलं गेलं. म्हणून तुला कुणी डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा तक्ता, दाखवला, की आधी विचार, भागलं कशानं? रीच म्हणजे किती वेगळी माणसं, इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं, व्ह्यू कितव्या सेकंदाला मोजतात? तुझा संख्याशास्त्राचा पेपर तुला रटाळ वाटतो. सोनू, तो पेपर नीट कर. क्लाएंटसमोर खरं बोलायचं धाडस त्यातून येईल.

आणि त्या चाळीसमध्ये किती जण त्या मागच्या दारानं आत आले, ते कुठल्याच डॅशबोर्डवर नाही. ती मुलगी आली होती. तूच सांगितलंस, तिच्यासोबत तिचे आजोबा होते, काठी टेकत, आणि तेही त्याच उतारावरून आले.

आता काळजीचं. थोडक्यात लिहिते, कारण यावर आपलं बोलणं झालंय. आमचा गठ्ठा सहा वाजता कपाटात बंद व्हायचा. तुझं कपाट तुझ्या खिशात असणार. दुसऱ्याच्या नावानं आलेल्या शिव्या तू वाचणार, त्याही उशाशी. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी विचार, की रात्रीच्या कमेंट कोण बघतं, पाळी आहे का, घाण मेसेज आले तर ते कुणाकडे सोपवायचे. "आमच्याकडे सगळे चोवीस तास ऑन असतात" असं कौतुकानं सांगितलं, तर तिथं जाऊ नकोस. आणि पैसे घेऊन केलेली शिफारस असेल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहायचं. बऱ्याच देशांत तसा नियमच आहे, पण नियम नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

कॅप्शन आता यंत्रही लिहून देतं, मग माणूस कशाला ठेवतील, असं बाबा म्हणाले. त्यांची शंका खरी आहे. फक्त कॅप्शनच लिहिणारा माणूस अडचणीत येईल असं मलाही वाटतं. पण टेप घेऊन मागच्या दाराशी कुणाला तरी पाठवावं, हे त्या रात्री तुला सुचलं होतं.

माझं म्हणणं असं. शेवटचं वर्ष पूर्ण कर. या सुट्टीत एखादं वाचनालय, रक्तपेढी, असं काहीतरी शोध, जिथं लोक खरोखर काही विचारायला येतात. तीन महिने त्यांचं अकाउंट सांभाळ. सुरू करण्याआधी एका कागदावर लिही, तीन महिन्यांनी काय बदललेलं हवंय. फॉलोअर्स वाढवायचे असं लिहू नकोस. रक्तदानाला येणारे लोक ऐन वेळी कशामुळे मागे फिरतात ते शोधायचं, असं काहीतरी लिही. आणि एक वही ठेव, त्यात लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरव. पुढे नोकरी मागायला गेलास, की पोर्टफोलिओ म्हणून रील्ससोबत त्या वहीतलं काम दाखव, आधी प्रश्न काय होता आणि तू काय केलंस ते. या तीन महिन्यांचा तुझा खर्च आम्ही बघू, बाबांशी बोलणं झालंय.

या पत्रासोबत माझीही एक वही पाठवतेय. अवघड पत्रांना मी लिहिलेली उत्तरं तिच्यात आहेत. नावं आणि पत्ते मी काळ्या शाईनं झाकलेत, कालची सगळी दुपार त्यात गेली. पान 41 वर त्या बाईंचं पत्र उतरवून घेतलेलं आहे आणि समोरच्या पानावर माझं हातानं लिहिलेलं उत्तर. समोरचं पान आधी वाचू नकोस. बाईंचं पत्र शेवटपर्यंत वाच, तू काय लिहिलं असतंस ते एका कागदावर लिही, आणि रविवारी फोन केलास की मला वाचून दाखव.

तुझी,
आई