पाच वर्षांच्या मुदतीत संशोधन-गटप्रमुख घडतो का?

मा. संपादक, स. न.

2025 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय सांगाड्यांच्या, म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून घडवलेल्या सच्छिद्र पदार्थांच्या, संशोधनासाठी मिळाले, तेव्हा आपल्याकडे अधिक बोलले गेले ते वाळवंटातील हवेतून पाणी काढण्याविषयी. असे संशोधन करणारे गट उभे कसे राहतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मेलबर्न विद्यापीठात 1974 मध्ये अध्यापनासाठी रेणूंची लाकडी प्रतिमाने तयार करवून घेताना, गोळ्यांवरील छिद्रांच्या जागांतच रेणूचा आकार दडलेला असतो, हे रॉब्सन यांच्या ध्यानात आले आणि त्या कल्पनेवर आधारित पहिला शोधनिबंध 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. कितागावा यांचे निधीसाठीचे अर्ज तर सुरुवातीला फेटाळलेच गेले, कारण या सच्छिद्र पदार्थांचा उपयोग काय, हे निधी देणाऱ्यांना दिसत नव्हते.

आपल्याकडे केंद्र सरकारची इन्स्पायर फॅकल्टीसारखी योजना तरुण शास्त्रज्ञाला पाच वर्षांचे स्वातंत्र्य देते, आणि ती चांगलीच आहे. परंतु बॅटरीचे इलेक्ट्रोड, वायुसंवेदक किंवा उत्प्रेरक असे फंक्शनल मटेरिअल्स, म्हणजे हवा तो गुणधर्म डोळ्यांसमोर ठेवून रचलेले पदार्थ, घडवणाऱ्या गटाची पहिली दोन वर्षे बहुधा उपकरणांची खरेदी आणि ती बसवणे यांतच सरतात, पीएच.डी.चे विद्यार्थी तयार होतात तेव्हा मुदत संपत आलेली असते, आणि पदार्थाची अंतर्गत रचना दाखवणारे एक्स-रे डिफ्रॅक्शनचे यंत्र सांभाळणारा कुशल तंत्रज्ञ बऱ्याचदा कंत्राटी असल्याने मध्येच निघून जातो. अशा स्थितीत गटप्रमुख लवकर शोधनिबंध देईल असाच प्रश्न निवडणार. त्यात त्याचा दोष नाही. पुढे नेतृत्वाची पदे सेवाज्येष्ठता आणि शोधनिबंधांची संख्या पाहून दिली, तर गट बांधण्याचे कौशल्य मोजलेच जात नाही.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे पदार्थ विकसित करणारी सी-मेट या तिन्ही संस्था अशा पदार्थांच्या संशोधनात काम करतात. पाचव्या वर्षी कठोर परीक्षण करून पात्र गटप्रमुखाला आणखी पाच वर्षे द्यावीत, मोठ्या उपकरणांसाठी कायम तंत्रज्ञांची पदे निर्माण करावीत आणि या संस्थांमध्ये सेवा न तुटता बदली मिळण्याची सोय करावी. तिन्ही संस्था वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांच्या अखत्यारीत असल्याने हे सोपे नाही. म्हणूनच देशभरातील संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने पुढाकार घेऊन याची सुरुवात पुण्यातून करावी, अशी विनंती आहे.

— एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, पुणे