प्रश्न मला विचारल्याबद्दल

मॅडम,

त्या दिवशी तुमच्या बँकेत खुर्ची माझ्याकडे वळवून तुम्ही विचारलंत, “तुला हे पैसे कधी लागणार आहेत?” शेजारी बाबा बसले होते, तरी तुम्ही मला विचारलंत. हे पत्र त्यासाठी.

त्याआधी आम्ही एका खासगी बँकेत जाऊन आलो होतो. खातं माझं, पगार माझा, पण तिथला माणूस सगळा वेळ बाबांशीच बोलत होता. ‘मुलीच्या लग्नाची तरतूद’ म्हणत त्याने दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी पुढे सरकवली. मी सांगितलं, मला मैत्रिणींबरोबर जोगेश्वरीला भाड्याने राहायला जायचंय, डिपॉझिट भरायचंय. तो बाबांकडे बघून हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. दहा हजारांचा मिनिमम बॅलन्स त्याने सांगितलाच नाही, तो फॉर्मच्या बारीक अक्षरांत सापडला. जाहिरातीतलं सात टक्के व्याजही फक्त एक लाखाच्या वरच्या रकमेला होतं.

आमच्या घरात मुलीने लग्नाआधी वेगळं राहायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ‘का जातेस’ असं विचारलं नाहीत. स्लिपच्या मागे पेनाने हिशेब मांडलात. चाळीस हजारांवर बँकेच्या अडीच टक्क्यांनी वर्षाला हजार रुपये, पोस्टाच्या चार टक्क्यांनी सोळाशे. “सहाशेच्या फरकासाठी झोप उडवू नकोस. आधी शिल्लक कमी पडली तर दंड कुठे बसतो ते बघ, वर त्याच्यावर जीएसटीही लागतो.” नोकरी सुटली आणि काही महिने पगार जमा झाला नाही, तर पगाराचं खातं साधं होतं आणि मिनिमम बॅलन्स लागू होतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. डिपॉझिटचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला यूपीआय जोडू नकोस, म्हणालात. अडीअडचणीसाठीची एक लाखाची एफडी एकरकमी करण्याऐवजी पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार कर, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. इतकं सोपं होतं, आणि तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबांची भीती वेगळी होती. 2019 साली मुंबईतल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या काकांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. बाबांनी ते जवळून पाहिलंय. तुम्ही त्यांनाही झिडकारलं नाहीत. 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला, मुद्दल आणि व्याज धरून, विमा असतो, हे शांतपणे समजावलंत. आणि पुन्हा माझ्याकडे वळलात.

पॉलिसी विकायचं टार्गेट तुम्हालाही असणार. मागे रांग होती, पासबुकाचं मशीन बंद म्हणून लोक तुमच्यावरच खेकसत होते. अशा वेळी समोरच्या पोरीला तिच्या पैशांची मालकीण समजून बोलणं, हा चांगुलपणा कुठल्याही सर्क्युलरमध्ये लिहिलेला नसतो. तो माणसातच असावा लागतो, आणि या शहरात तो अजून आहे म्हणून माझ्यासारख्यांचं निभतं.

बाहेर पडल्यावर बाबांनी मला पहिल्यांदाच विचारलं, “भाडं किती पडेल तुला?”

मनापासून आभार, मॅडम. पत्ता बदलायला शाखेत येईन. तोवर तुमची बदली होऊ नये.

तुमची,
भांडुपची एक खातेदार