वळणदार तरंगत्या जिन्याच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

स्थळ : सातारा
दिनांक : ९ जून

विषय : घरात बसवलेला जिना असुरक्षित असल्याबाबत व तो काढून मंजूर ड्रॉइंगप्रमाणे पुन्हा बसवून देण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या नव्या बंगल्यात फेब्रुवारीत वळणदार तरंगता जिना बसवला, म्हणजे पायऱ्या फक्त भिंतीच्या बाजूने धरलेल्या आणि दुसरे टोक मोकळे. ठरलेली रक्कम ६,८०,००० रुपये. त्यातले ६,१२,००० आम्ही दिले आहेत आणि उरलेल्या ६८,००० रुपयांसाठी आपल्या कार्यालयातून दर आठवड्याला फोन येतो. जिन्याबद्दल केलेल्या माझ्या तीन मेलना मात्र एकच उत्तर आले, तेही एका ओळीचे : "तरंगता जिना आहे, थोडा हलणारच." त्या ओळीमुळेच हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

आमचे आयुष्य वाईच्या जुन्या वाड्यात गेले. तिथला जिना भिंतीच्या जाडीतच होता. अंधारा, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा, वरून दोर सोडलेला. सासूबाई पन्नास वर्षे तो दोर धरून चढल्या-उतरल्या. नवे घर बांधताना त्यांचे एकच मागणे होते, जिन्यात उजेड हवा. म्हणून आम्ही आपल्याकडे आलो. गोलाकार भिंतीतून निघालेल्या सागवानी पायऱ्या, खाली मोकळी जागा, खिडकीचा उजेड थेट दिवाणखान्यापर्यंत. आपल्या डिझायनरने थ्रीडी दाखवले तेव्हा सासूबाईंनी स्क्रीनवर हात ठेवून पायऱ्या मोजल्या होत्या.

आधी उंचीचे सांगते, कारण अपघात त्यानेच झाला. मंजूर ड्रॉइंगमध्ये खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३१५० मिलीमीटर आणि त्याचे सारखे १८ राइझर (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उभी उंची), प्रत्येकी १७५ मिलीमीटर, नवव्या पायरीला जरा रुंद चौक, असे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात आपल्या सुपरवायझरने कोऱ्या काँक्रीटवरून टेप लावली. मी तिथेच उभी होते. फरशी भरावासकट ५० मिलीमीटर येणार आहे, हे मी त्यांना सांगितले. "मॅडम, ते ऑफिसने धरलंय," असे उत्तर मिळाले. कुणीही धरले नव्हते. मार्चमध्ये दोन्ही मजल्यांवर फरशी बसली आणि पहिली पायरी १२५ मिलीमीटरची झाली, शेवटची २२५ ची. मधल्या १६ बरोबर १७५ च्या. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याच्या राइझरची कमाल मर्यादा १९० मिलीमीटर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिना चढताना कुणी पायरी बघून पाय उचलत नाही. दोन-चार पायऱ्यांत पायाला उंची कळते आणि मग पाय तेवढाच उचलला जातो.

२४ एप्रिलला सकाळी सासूबाई कुरडयांचे ताट घेऊन गच्चीकडे निघाल्या होत्या. सतरा पायऱ्या नीट चढल्या. अठराव्या वेळी पायाची बोटे फरशीच्या कडेला अडकली आणि त्या पुढे पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. मागे पडल्या असत्या तर काय झाले असते, हे मला लिहवत नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत. ताट सांडले म्हणून त्याच आमची माफी मागत होत्या.

आता हलण्याचे. घाईने कोणी उतरले की सहाव्या-सातव्या पायरीची मोकळी कड दबते. माझ्या मुलाने खालून पट्टी उभी धरली आणि मी, ६२ किलोची, त्या कडेवर उभी राहिले. कड ६ मिलीमीटर खाली गेली. रोज सकाळी झाडताना पाचव्या पायरीवर गिलाव्याची पांढरी पूड सापडायची. आधी वाटले, रंगकाम नवीन आहे. मे महिन्यात सहाव्या पायरीच्या दोन्ही कोपऱ्यांतून भिंतीवर तिरप्या चिरा दिसू लागल्या, तेव्हा आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावले.

त्यांनी १८ मे रोजी सातव्या पायरीजवळ वीतभर गिलावा कापून पाहिला. ड्रॉइंगप्रमाणे तिथे भिंतीच्या आत, जिन्याच्या वळणाबरोबर वाकवलेली पोलादी पेटी, म्हणजे चारही बाजूंनी बंद पोकळ तुळई, असायला हवी होती. खालचे टोक प्लिंथच्या (जोत्याच्या) काँक्रीटमध्ये, वरचे स्लॅबच्या बीमला, आणि प्रत्येक पायरीचा हात, म्हणजे तिला धरणारा दांडा, त्या पेटीला वेल्ड केलेला. पायऱ्या एकाच बाजूला बाहेर असल्याने पेटीला वाकाबरोबर पीळही बसतो. गोल जिन्यात हा पीळ वाढतो, म्हणून बंद पेटी आणि दोन्ही टोकांना काँक्रीटची पकड लागते. आमच्या भिंतीत पेटी नाहीच. प्रत्येक पायरीचा हात सुट्टा, नऊ इंची विटांच्या भिंतीला केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टांनी, अडकवलेला आहे.

याचा हिशेब इंजिनिअरनी माझ्यासमोर कागदावर मांडला. पायरी भिंतीपासून एक मीटर बाहेर आहे. टोकावर ७५ किलोचा माणूस उभा राहिला आणि भिंतीतल्या वरच्या-खालच्या बोल्टांत १५० मिलीमीटर अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर सुमारे ५०० किलोची ओढ येते. वीट दाब सोसते, अशी ओढ तिला सोसत नाही. त्यात आपण १२ मिलीमीटर काचेचा कठडा पायऱ्यांच्या मोकळ्या टोकांनाच लावला आहे. ही काच चौरस मीटरला ३० किलो भरते. म्हणजे माणूस नसतानाही टोकावर भार आहेच.

तेव्हा "थोडा हलणारच" हे उत्तर मला मान्य नाही. जिना दिसायला अधांतरी असावा म्हणून आम्ही जास्तीचे पैसे मोजले. तो खरोखर अधांतरी ठेवायला नव्हे. पेटीचे पैसे आपल्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लावलेले आहेत आणि ते आम्ही भरले आहेत.

वाकवलेल्या काचेऐवजी सरळ तुकडे जोडले, तो वाद मी सध्या बाजूला ठेवते. आणि एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. आपल्या सुतारांचे काम फार चांगले आहे. सागाच्या पायऱ्यांच्या कडा त्यांनी इतक्या हळुवार गोल केल्या आहेत की हात फिरवत राहावेसे वाटते. त्या पायऱ्या आम्हाला याच हव्या आहेत, फेकू नयेत.

माझी मागणी अशी. जिना उतरवून ड्रॉइंगमधली पेटी बसवावी आणि त्याच वेळी सगळ्या पायऱ्या ५० मिलीमीटर वर घ्याव्यात, म्हणजे अठराही राइझर १७५ चे होतील. काम सुरू करण्याआधी भाराचे गणित आणि ड्रॉइंग परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने द्यावे. भिंत फोडणे, गिलावा आणि रंग यांचा खर्च आपला. सासूबाईंच्या उपचाराचे बिल २३,४०० रुपये आहे, प्रत सोबत जोडली आहे. काम पूर्ण होऊन तपासले गेले की उरलेले ६८,००० रुपये त्याच दिवशी देईन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथेही ती करता येते. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात आहे, ही अडचण आता राहिलेली नाही.

सध्या पहिल्या पायरीला आडवी दोरी बांधली आहे. वरच्या दोन्ही खोल्या बंद आहेत, मुलगा दिवाणखान्यात झोपतो आणि गच्चीवर जायला आम्ही मागे बांबूची शिडी लावली आहे. आपला माणूस पाहणीला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे, मी रजा काढून घरी थांबेन.

कळावे.

आपली ग्राहक

सोबत : मंजूर ड्रॉइंग, कोटेशन, कापलेल्या भिंतीचे व चिरांचे फोटो, इंजिनिअरचा पाहणी अहवाल, उपचाराचे बिल.